हुफनागल साहेबांचा नकार व गोळाभाताची लढाई

श्री.

वेस्ट विंडसर मुक्कामींचे मराठी मंडळाचे कार्यकारिणीने, बहुत मोठ्या खलबतानंतर आणि दुसरे कोणी लिहीनासे जाहले म्हणोन, आम्हांस आज्ञा केली की, मौजे ओबरमूसबाख, मुलूख जर्मनी, येथील पार्लमेंटाचे सभासद राजमान्य राजेश्री वेंडेलिन हुफनागल साहेब यांची स्वारी या मुलखी चालून आली, तीस डॉक्टरीण पद्मजाबाई हरदास यांनी मोठ्या शर्थीने तोंड दिले, त्याची साद्यंत हकिकत दिवाळी अंकाकरिता लिहून द्यावी, दोन पानांहून लांबवू नये आणि फोटो असल्यास जोडावा. आज्ञा शिरसावंद्य. फोटो नाही. दोन पानांत हकिकत मावणे नाही, हे आधीच कळवितो. आम्ही प्रत्यक्ष रणांगणी हजर नव्हतो, परंतु हरदासांचे शेजारी राहतो, आणि उभय पक्षांचे बोलणे ऐकून, उरला गोळाभात खाऊन, मगच लेखणी धरली आहे. सबब खाल्ल्या मिठास जागून लिहितो, आणि जेथे आमचा कल बाईसाहेबांकडे झुकला ऐसे वाटेल तेथे तो झुकलाच आहे ऐसे समजावे.

प्रथम साहेबांचे कुळ आणि कारकीर्द. जर्मनीचे दक्षिणेस डोंगराळ मुलूख आहे, तेथे ओबरमूसबाख म्हणोन लहान गाव, त्यात एक चर्च, एक बिअरची भट्टी आणि एक खाणावळ, आणि ती खाणावळ हुफनागलांची. त्या मुलखी बटाट्याचा गोळा उकडून करितात, त्यास क्नोडल म्हणतात. आकार मोठ्या लाडवाएवढा, वजन त्याहून अधिक. साहेबांचे बाळपण त्या गोळ्यांचे वाफेत गेले. वडिलांनी त्यांस दोन नियम घालून दिले, की ताटात आलेले टाकू नये, आणि ताट साफ होईतो कामाची गोष्ट काढू नये. साहेबांनी हे दोन नियम शिरी धरिले, आणि पुढील साऱ्या राजकारणास तेवढेच भांडवल पुरले.

मग साहेब वयात आले आणि गावचे आग विझविणारे पथकात दाखल जाहले, आणि मग पथकाचे नाईक जाहले. त्या साऱ्या वर्षांत गावात आग म्हणोन एकच लागली, तीही पथकाचे सहलीत मांस भाजताना. तथापि गणवेश अंगास शोभत असे, आणि त्या मुलखी मते गणवेशास पडतात. मग गावचे मेयर जाहले. अशात चर्चचे जत्रेत ऐसा प्रसंग गुजरला की, त्या प्रांताचे जुने सभासद, वृद्ध व मातबर, यांनी जेवताना अर्धा गोळा ताटात टाकिला आणि हात पुसले. साऱ्या मंडपाने पाहिले. हुफनागल साहेब शेजारी बसले होते; त्यांनी काटा पुढे केला, तो अर्धा गोळा उचलून आपले ताटात घेतला आणि खाल्ला. पुढील निवडणुकीस उमेदवारी कोणास द्यावी, हा प्रश्न पक्षाचे पुढाऱ्यांस पडलाच नाही.

तो पक्ष जुने राखणारांचा. नवे काही मुलखात आले की प्रथम त्यास विरोध करावा, मग त्याचा अभ्यास करावा, आणि मग त्याचे उद्घाटन करावे, ऐसा त्या पक्षाचा शिरस्ता. डोंगरमाथ्यावर पवनचक्की येते ऐसे कळताच साहेबांनी तिजविरुद्ध ऐसे भाषण केले की म्हाताऱ्यांचे डोळे पाणावले, आणि ती फिरू लागली तेव्हा फीत कापावयास साहेबच उभे. घड्याळे वर्षातून दोनदा मागेपुढे करण्याचे चालीने गाई दूध चोरतात, म्हणोन त्या चालीवर साहेबांनी बर्लिनचे दरबारी मोहीम उघडिली. घड्याळे अद्याप हलतात आणि साहेब अद्याप लढतात. दर ठरावास ते उठत आणि 'नाइन' म्हणत. नाइन म्हणजे नाही, नऊ नव्हे. हा एक शब्द ते ऐशा नाना स्वरांत उच्चारीत की त्यावर त्यांनी लागोपाठ निवडणुका जिंकिल्या.

परंतु एक गोष्ट साहेब मनापासून मानीत, तीत सोंग नव्हते. गावची पोरे गावात राहावी, डोंगर ओस पडू नये, ही त्यांची तळमळ होती आणि तिजसाठी ते गावोगाव फिरले. आणि दैवाची थट्टा ऐसी की त्यांचा एकुलता एक पुत्र योनास, बियाण्यांचे शास्त्रात पारंगत होऊन, सातासमुद्रांपार या न्यू जर्सी प्रांती संशोधनाचे चाकरीस येऊन राहिला. एके दिवशी भर सभेत साहेब तरुणांनी गाव न सोडण्याविषयी बोलत असता विरोधी बाकावरील एक बाई उठली आणि तिने पुसिले की, सभासदांचे स्वतःचे चिरंजीव सांप्रत कोणते डोंगरावर असतात? सभा हसली. साहेब उत्तर न देता खाली बसले. खाणावळ बंद होती, पत्नी वारली होती, आणि त्या रात्री साहेबांनी बर्लिनचे बिऱ्हाडी एकट्याने पाव खाल्ला.

मग योनासाने फोनवर कळविले की आपण लग्न करितो, मुलगी सोबतच चाकरीस आहे, नाव ऋता हरदास, जन्म आणि राहणे न्यू जर्सी. साहेबांनी मनाशी हिशेब मांडिला तो साधा होता: मुलगी तेथली, म्हणजे पोरगा तेथला जाहला, म्हणजे डोंगर संपला. त्यांनी ठरविले की समक्ष जाऊन नाइन म्हणावे. आणि पार्लमेंटाचे शिष्टमंडळ वॉशिंग्टनास निघाले, त्यात नाव घालून साहेबांनी एक शनिवार मोकळा काढिला आणि मुलीचे घरी जेवावयास येतो ऐसा निरोप धाडिला. जेवण जाहल्यावर दोन शब्द बोलेन, ऐसे खाली जोडले. योनासाने ते वाचिले आणि त्याचे तोंडचे पाणी पळाले. बापाचे मनाविरुद्ध लग्न करणार नाही, ऐसे तो बोलला नाही, पण ऋताने घरी साफ सांगितले की, "बाबांना, आय मीन त्याच्या बाबांना, मान्य नसेल तर मला ते ओझं घेऊन लग्न नाही करायचं. दॅट्स इट." आणि ती आपले खोलीत गेली, आणि पद्मजाबाईंनी दाराबाहेर उभे राहून तिचे रडणे ऐकिले.

आता या पक्षाचे सेनापती. पद्मजाबाई मूळच्या नागपूरच्या, पेशाने भूलतज्ज्ञ, अलीकडेच निवृत्त जाहल्या. साऱ्या उमरेत हजारो माणसांस त्यांनी ऑपरेशनाआधी रात्रभर उपाशी ठेविले, आणि निवृत्तीनंतर त्याची भरपाई म्हणोन जो दारी येईल त्यास खाऊ घालितात. टपाल टाकणारा त्यांचे गल्लीस येताना कंबरपट्टा सैल करून येतो. त्यांचे यजमान उल्हासराव, पुणेकर, यंत्रांचे इंजिनियर. त्यांनी कॉलेजात असता हौसेने जर्मन भाषेची पहिली परीक्षा दिली होती आणि तिचे सर्टिफिकेट फ्रेम करून तळघरात लाविले होते. चाळीस वर्षांत त्या भाषेचा उपयोग करण्याची संधी आली नाही, सबब तिजवरील त्यांचा विश्वास यत्किंचितही कमी जाहला नव्हता.

मग खलबत जाहले. पद्मजाबाईंनी हुकूम फर्माविला की, भरल्या पोटी माणूस नाही म्हणत नाही, सबब पाहुण्यास नाही म्हणण्याजोगी जागा पोटात उरू देऊ नये. वऱ्हाडी गोळाभात, म्हणजे डाळीचे गोळे घातलेला भात, करावा, वर हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी, जोडीस चिंचेचे सार, पाटवड्या, वांगी, मठ्ठा आणि श्रीखंड. उल्हासरावांनी दुभाष्याचे काम आपणाकडे घेतले आणि फर्मान काढिले की ताटावर इंग्रजी बोलू नये, पाहुण्याचा मान त्याचे भाषेने राखावा. ऋता बोलली की बाबा, ते इंग्लिश बोलतात, नीट बोलतात. उल्हासराव बोलिले, "तू राहू दे गं, मी हँडल करतो." अर्ध्या हळकुंडाने पिवळे होतात म्हणतात, ते हे.

शनिवारी ऋता आणि योनास ट्रेंटनचे स्टेशनी साहेबांस आणावयास गेले. इकडे साहेब शिष्टमंडळाचे मोटारीने, ठरल्या वेळेचे आधी, थेट दारी उभे. आमचे लोकांत बोलाविल्या वेळेस कोणी येत नाही आणि आधी तर चोरही येत नाही, त्यामुळे उल्हासराव लेंग्यावर होते. त्यांनी दार उघडिले, छाती काढिली आणि पाठ केलेले जर्मन वाक्य म्हणोन दाखविले. साहेबांनी सद्गदित होऊन त्याहून चौपट लांब उत्तर दिले. उल्हासरावांस त्यातील 'आणि' हा शब्द कळला. तिकडे पोरे रूट वन या हमरस्त्यावर अपघातामुळे खोळंबली, आणि साहेब पोचल्याचे कळताच ऋताचा मेसेज आला की थांबू नका, जेवायला बसा.

मग पाने घेतली. साहेबांनी ताटात पाहिले, तो पिवळा, वाफाळता, लाडवाएवढा गोळा. जगाचे दुसरे टोकास, या परक्या घरी, गोळा! डाळीचा की बटाट्याचा ही बारकी बाब. गोळा तो गोळा, आणि गोळा टाकणाराचे राजकारणात काय होते हे त्यांजहून अधिक कोणास ठाऊक? त्यांनी गोळा भातात फोडिला, तेल ओतून घेतले आणि ताट साफ केले. गोळा उत्तम उतरला होता. मग काटा आणि सुरी शेजारी शेजारी निजविली, जी त्या मुलखी जेवण आटोपल्याची निशाणी, आणि नाइन म्हणावयास घसा साफ केला.

तोच पद्मजाबाई पळी घेऊन चाल करून आल्या. काटा-सुरी वाढावयास आड येत होती, ती त्यांनी बाजूस सारिली. साहेब नम्रपणे वदले, "डांके."

येथे सारी लढाई फिरली, म्हणोन वाचणारांनी सावध असावे. जर्मन मुलखी काही वाढू लागले असता नुसते डांके म्हटले, तर त्याचा अर्थ नको. हवे असल्यास बिट्टे, म्हणजे कृपया, म्हणावे लागते. परंतु पहिल्या परीक्षेचे पुस्तकात डांके म्हणजे धन्यवाद, इतकेच छापिले होते. उल्हासरावांनी तत्काळ तर्जुमा केला, "थँक यू म्हणतायत. आवडलंय त्यांना. वाढ." आणि साहेबांकडे वळून आर्जवाने म्हणाले, बिट्टे! बाईंनी दोन गोळे वाढिले.

साहेबांनी ते खाल्ले, कारण टाकणे नाही. ताट रिकामे जाहले, आणि रिकामे ताट पाहणे हे पद्मजाबाईंचे धर्मात बसत नाही. आमचे देशी पाहुण्याचे पहिले नको विनयाचे, दुसरे भिडेचे, आणि तिसऱ्यानंतरही एक घास यजमानाचे नावाचा असतो. येथे तर पाहुणा नको म्हणतच नव्हता! साहेब डांके म्हणत, उल्हासराव वाढ म्हणत, बाई वाढीत, आणि साहेब खात. ताट साफ केल्यावाचून बोलावयाचे नाही, हा एकाचा नियम. ताट साफ राहू द्यावयाचे नाही, हा दुसरीचा. नकार साहेबांचे गळ्यापर्यंत येई आणि त्यावर गोळा बसे. बर्लिनचे दरबारी ज्यांस पाच पक्षांचे वक्ते गप्प करू शकले नाहीत, त्यांस एका पळीने बंद केले. साहेबांनी पाटवड्यांचा मोर्चा मोडिला, तो वांग्यांची कुमक आली. मठ्ठ्याने थोडी उसंत दिली. मग श्रीखंड आले. साहेबांचे कपाळी घाम फुटला, टाय सैल जाहला, आणि डांके हा शब्द ते प्रथम सभेत म्हणतात तसा, मग प्रार्थनेत म्हणतात तसा म्हणू लागले. उल्हासराव बाईंस हळूच बोलिले, "किती ग्रेटफुल माणूस आहे बघ. उगाच घाबरत होतीस."

आणि पद्मजाबाईंसही वाटले की आपली जीत जाहली. इतके प्रेमाने खाणारा मनुष्य आपल्या पोरीस नाही कसा म्हणेल? त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि त्या भरात त्यांनी आणखी एक गोळा उचलिला.

इतक्यात दार उघडून ऋता आणि योनास आत आली. ऋताने पाहिले, तो साहेब खुर्चीस टेकून पांढरेफटक, आणि आई पळी उगारून उभी. साहेब पुत्राकडे पाहोन, बुडता जसा काठाकडे पाहतो तसे पाहोन, म्हणाले, डांके.

"आई, स्टॉप!" ऋता बोलली. "डांके म्हणजे नो थँक यू. ते नको म्हणतायत."

"आवडलं म्हणतात," उल्हासराव बोलिले.

"बाबा, नाही. केव्हापासून म्हणतायत ते असं?"

पद्मजाबाईंनी पळी पातेल्यात ठेविली आणि त्या मटकन खाली बसल्या. पाहुणा पहिले ताट संपल्यापासून नको म्हणत होता आणि आपण त्यास कोंबीत होतो, ऐसे जाणून त्यांस मेल्याहून मेल्यासारखे जाहले. त्यांनी साहेबांची इंग्रजीत माफी मागितली. उल्हासराव पुटपुटले की सर्टिफिकेट आहे आपल्याकडे. आणि मग पद्मजाबाईंचे मनात दुसरी एक शंका उभी राहिली, आणि ती विचारली नसती तर बरे, ऐसे त्यांस आजही वाटते.

"तुला गं कसं ठाऊक? योनासने सांगितलं?"

ऋता योनासाकडे पाहू लागली. "मी क्लास करतेय आई. जर्मनचा. गेलं वर्षभर."

"कशाला?"

"आम्ही आज सांगणारच होतो. योनासच्या गावाजवळ सीड्सचं रिसर्च सेंटर आहे, तिथे दोघांना जॉब मिळालाय. आम्ही तिकडे मूव्ह होतोय."

योनास खाली मान घालून बोलिला, "सॉरी, काकू." आणि मग त्याने बापास त्यांचे भाषेत तेच सांगितले, आणि साहेब ऐकत राहिले. नकार तयार होता, ताटही साफ होते, आणि बोलावयास कोणतीही आडकाठी उरली नव्हती. परंतु ज्या कारणास्तव तो नकार एवढा समुद्र ओलांडून आणिला, ते कारणच जागेवर नव्हते. पोरगा डोंगरास परत येत होता, आणि एकटा येत नव्हता. साहेब उठले, पद्मजाबाईंसमोर लवले आणि म्हणाले, "डांके."

उल्हासराव आता ठेच लागून शहाणे जाहले होते. ते दचकून बोलिले, "अरेरे. नको म्हणतायत."

"नाही बाबा," ऋता बोलली, "आता थँक यू म्हणतायत."

होकार मिळाला. ज्यासाठी हिंग-मोहरी जाळिली तो गड हाती आला. परंतु बाईसाहेब उठल्या नाहीत आणि हसल्या नाहीत. त्या स्वतः दोन बॅगा घेऊन नागपूर सोडून या देशी आल्या होत्या, आणि दर आठवड्यास फोनवर आईस मजेत आहे ऐसे सांगून, ती काय जेवली हे विचारीत होत्या. आता आईचे जागी तो फोन आपण धरावयाचा, हे त्यांस लख्ख दिसले. सारे त्यांचे तोंडाकडे पाहू लागले. सकाळी एका माणसाचा होकार हवा होता, आता तो मिळाला, तो दुसऱ्याचा अडला.

हुफनागल साहेबांनी पाहिले की या बाईने आपल्यास वाढिता वाढिता स्वतः घासही घेतला नाही; तिचे ताट कोरे. साहेबांचे साऱ्या कारकिर्दीत नवी चाल त्यांनी विरोध केल्यावाचून उचलिली ऐसे घडले नव्हते, ते तेव्हा घडले. त्यांनी पळी उचलिली, पातेल्यातून गोळाभात काढिला आणि बाईंचे ताटात वाढिला.

"नको," पद्मजाबाई बोलिल्या.

साहेबांनी पळी अधांतरी धरिली आणि अर्थ विचारावयास दुभाष्याकडे पाहिले. उल्हासरावांनी बायकोकडे पाहिले. चाळीस वर्षे संसार जाहला होता, आणि या भाषेचे सर्टिफिकेट त्यांजपाशी नव्हते, तरी ते नीट येत होते.

"बिट्टे म्हणतेय," ते म्हणाले.

साहेबांनी आणखी एक गोळा वाढिला आणि वर तेल घातले, जरा जास्तच. पद्मजाबाई कालवून खाऊ लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहात होते, आणि कोणी पुसिले नसता त्यांनी सांगितले की मिरची तिखट आहे. ताट अर्धे जाहल्यावर त्यांनी साहेबांस इंग्रजीत विचारिले की, तुमचे गावास जवळचे विमानतळ कोणते, तेथून किती वेळ लागतो, आणि खाणावळ बंद पडली म्हणे, तीत स्वयंपाकघर अजून आहे काय. आहे, ऐसे साहेब बोलिले, आणि चूल मोठी आहे.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. लग्न येथे, वैशाखात. मांडवात जेवणास क्नोडल आणि गोळाभात दोन्ही. उल्हासरावांनी जर्मन भाषण करू नये, ऐसे कलम ऋताने घातले आणि ते एकमते मंजूर जाहले. साहेब बर्लिनास गेल्यावर विरोधी बाकावरील बाईस उत्तर देतील, तो त्यांचा मामला. साहेबांची मोटार वळणापलीकडे जाईतो बाईसाहेब दारात उभ्या होत्या, आणि मग आत येऊन त्यांनी भांडी घासावयास घेतली. आता विजय कोणाचे नावे मांडावा, ऐसा प्रश्न कार्यकारिणीने आम्हांस केला आहे. साहेब नकार घेऊन आले आणि सून घेऊन गेले, तरी त्यांचे नाव घालीत नाही. पद्मजाबाई हरदास यांचे नाव लिहिले आहे, कारण गमावण्याजोगे होते ते एकट्या त्यांचेच होते, आणि ते त्यांनी पोरीचे सुखासाठी आपल्या हाताने वाढून दिले.